मॅडिसनांच्या जमिनीमागोमाग

मंगळवार, रिचमंड

व्हर्जिनियात जन्म-मृत्यूची राज्यभर नोंद सुरू झाली १८५३ साली. त्याआधीच्या काळात काही पॅरिशांनी, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांनी, बाप्तिस्म्याच्या वह्या ठेवल्या होत्या, पण त्यातल्या बऱ्याच आज हाताशी नाहीत. त्यामुळे वसाहतकाळातला पूर्वज शोधायचा तर जन्मदाखल्याचा नाद सोडून जमिनीच्या मागे लागावं लागतं. माणूस कधी जन्मला हे कुणी टिपून ठेवलं नसेल. पण त्याच्या हद्दीला लागून कोणाची जमीन होती, त्याच्या घरात करपात्र डोकी किती होती आणि तो मेल्यावर किती खाटा, किती गायी निघाल्या, हे सरकारनं लिहून ठेवलं.

या वाटेवर नमुना म्हणून अमेरिकेचे चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांचं घराणं घेतलं आहे. त्यांच्या प्रसिद्धीसाठी नव्हे. हे घराणं ज्या काउंट्यांमधून, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांमधून, पश्चिमेकडे सरकलं, त्यातल्या पहिल्या तिन्हींची दप्तरं जळालेली आहेत आणि तरीही माग लागतो, म्हणून. अमेरिकेतल्या मराठी घरांत आता सुनेकडच्या किंवा जावयाकडच्या वंशावळीचीही विचारपूस होते. त्यांनाही हीच वाट धरावी लागेल, नावं तेवढी बदलतील.

पहिला मुक्काम ईस्ट ब्रॉड स्ट्रीटवरची लायब्ररी ऑफ व्हर्जिनिया. ओळखपत्र दाखवायचं, पिशव्या लॉकरमध्ये ठेवायच्या. हस्तलिखितांच्या दालनात फक्त पेन्सिल चालते. मायक्रोफिल्म स्वतः काढून यंत्रावर लावायची आणि प्रतिमा पेन ड्राइव्हवर घ्यायच्या. वाचनालयाचे वार आणि वेळा बदलतात, त्या निघण्याआधी बघाव्यात. जमिनीच्या पेटंटांच्या वह्या स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत, तेव्हा ते काम घरूनच उरकून यावं. इथला वेळ फिल्मसाठी ठेवावा.

पेटंट म्हणजे राजाच्या नावानं जमिनीची पहिली सनद. ती मूळ वसाहत सरकारच्या कचेरीत नोंदली जाई, काउंटीत नव्हे. काउंटी कोर्ट जळलं तरी पेटंट वाचलं ते याचमुळे. १६५३ मध्ये या घराण्याचा पूर्वज, जहाजाचा सुतार असलेल्या जॉन मॅडिसनला ६०० एकर मिळाले, बारा माणसांचा प्रवासखर्च भरल्याबद्दल. माणशी ५० एकर हा हेडराइटचा हिशेब १६१८ पासून होता. बारा पन्नासे सहाशे, आकडा चोख जुळतो. दर वेळी असं तपासून पाहावं. एकर आणि माणसं जुळत नसतील तर पेटंटात जुनी जमीन मिसळलेली असते किंवा नकलेत काही नावं गळालेली असतात.

सगळ्यात जास्त चुका या हेडराइटच्या यादीवरून होतात. पेटंटाच्या शेवटी बारा नावं दिसली की लोक ती कुटुंबाची म्हणून धरतात आणि पेटंटाचं वर्ष हेच आगमनाचं वर्ष म्हणून वंशावळीत भरतात. दोन्ही कच्चं आहे. हक्काचा दाखला आधी काउंटी कोर्टातून घ्यायचा, मग सचिवाच्या कचेरीत तो मंजूर करून घ्यायचा, मग मोजणीदार गाठायचा, मग नकाशा दाखल करायचा आणि शेवटी पेटंट. यात वर्षं जात. शिवाय दाखला विकता येत असे, त्यामुळे पेटंटधारकानं त्या माणसांचं तोंडही पाहिलेलं नसेल. एकाच माणसावर जहाजाच्या कप्तानानंही हक्क सांगितला आणि मालकानंही, असंही सापडतं. तेव्हा यादीवरून एवढंच म्हणावं की ही व्यक्ती या तारखेपूर्वी वसाहतीत आली असावी. १६९९ पासून ५० एकरांचा हक्क ५ शिलिंग भरून विकत मिळू लागला. मग पेटंटात नावांऐवजी पैशांचा उल्लेख दिसतो.

रॅपाहॅनॉक आणि पोटोमॅक या नद्यांमधला पट्टा मात्र वेगळा. तो फेअरफॅक्स घराण्याच्या मालकीचा. तिथे हेडराइट नव्हता आणि सनदा स्वतंत्र वह्यांत आहेत, १६९० पासून सलग. पूर्वज रॅपाहॅनॉकच्या उत्तरेला असेल आणि शोध दक्षिणेच्या वह्यांत चालला असेल, तर काही हाती लागत नाही आणि माणूस उगाच हताश होतो.

बुधवार, रिचमंड

आजचं काम कराचं. वसाहतीत दोन गोष्टींची गाठ पडते. जमिनीवर राजाचा खंड, क्विटरेंट, ५० एकरांना वर्षाला १ शिलिंग. आणि डोक्यावर टाइथचा कर.

खंडाची १७०४ ची यादी हा व्हर्जिनियाचा फार मोठा आधार. काउंटीवार जमीनमालक आणि त्यांचे एकर. यादीची प्रत लंडनला गेली, म्हणून इकडे जळलेल्या काउंट्यांचे जमीनमालकही तिथल्या कागदांत टिकले. किंग अँड क्वीन काउंटीची यादी अशीच वाचली आहे. वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फेअरफॅक्सचा पट्टा यात नाही, कारण तो खंड राजाला जात नव्हता. आणि ही मालकांची यादी आहे. कुळं, नोकर, बापाच्या जमिनीवर राहणारे थोरले मुलगे यात सापडणार नाहीत, म्हणून ते नव्हतेच असं समजू नये.

टाइथेबल म्हणजे करपात्र डोकं. सोळा आणि त्यावरचे सगळे पुरुष, आणि गुलाम केलेल्या स्त्री-पुरुषांपैकी सोळा आणि त्यावरचे सगळे. गोऱ्या बायका यात मोजल्या जात नसत. स्वतंत्र कृष्णवर्णीय बायका मात्र १६६८ च्या कायद्यानं मोजल्या जाऊ लागल्या. विधवा घरची कर्ती असेल तर तिचं नाव यादीत येतं, पण ते तिच्या स्वतःच्या डोक्यासाठी नव्हे, तिच्या हाताखालच्या मुकादमाच्या आणि गुलामांच्या डोक्यांसाठी. यादीत नुसते आकडे असले तरी वर्षामागून वर्ष लावून ठेवावेत. बापाच्या नावापुढे १ चे २ झाले की एक मुलगा सोळाचा झाला असण्याची शक्यता धरावी, पुढे २ चे पुन्हा १ आणि शेजारी त्याच आडनावाचं नवं नाव आलं की तो वेगळा निघाला. नोकर ठेवला तरी आकडा वाढतो, म्हणून एका वर्षाच्या फरकावर जन्मसाल ठरवू नये. निदान तीन-चार वर्षांचा ओघ पाहावा.

या याद्या फार थोड्या उरल्यात. १७८२ पासून मात्र चित्र पालटतं. राज्यानं जमीनकर आणि वैयक्तिक मालमत्तेचा कर असे दोन वेगळे पट दरवर्षी करायला लावले आणि त्यांची एक प्रत रिचमंडला येऊ लागली, त्यामुळे जळलेल्या काउंट्यांचेही पट मिळतात. वसाहतकाळ तोवर संपला होता हे खरं, पण वसाहतकाळात जन्मलेले लोक त्यात आहेत. १७८२ पासून पुढे येत बापाचे एकर मुलांत कसे फुटतात ते पाहिलं की मृत्युपत्र नसतानाही वाटणी उलगडते. जमीनकराच्या पटाला दरवर्षी फेरफाराचा तक्ता जोडलेला असतो, कोणाकडून कोणाकडे किती एकर. सातबाऱ्यापेक्षा आधी फेरफार बघायची ज्यांना सवय आहे, त्यांना हा तक्ता लगेच उमगेल. नक्कल घेताना तो सोडू नये. बरेच लोक फक्त मुख्य पट घेतात.

दुपारी तारखांचं एक काम उरकून घ्यावं. १७५२ पर्यंत इंग्लंडच्या मुलखात नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी ते २४ मार्चच्या तारखा १७३१/३२ अशा जोडसालानं लिहिलेल्या दिसतात. १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ तारीख आली. राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांची जन्मतारीख आज १६ मार्च १७५१ मानतात, तीच जुन्या पंचांगात ५ मार्च १७५० अशी लिहिलेली असते. टिपणवहीत तारीख आहे तशीच उतरावी आणि बदललेली शेजारी लिहावी. परस्पर दुरुस्त केली की पुढे बाप मेल्यावर दीड वर्षानं मूल जन्मल्याचे चमत्कार घडतात.

गुरुवार, किंग अँड क्वीन

रिचमंडहून यू.एस. ३६० नं ईशान्येकडे आणि मग रस्ता क्रमांक १४. किंग अँड क्वीन कोर्ट हाउस हे काउंटीचं ठाणं असलं तरी गाव नावालाच. इथे वसाहतकाळाची वही शोधायला यायचं नसतं, का नाही ते समजून घ्यायला यायचं. दप्तर १८२८ मध्ये जळलं, १८३३ मध्ये जळलं आणि उरलंसुरलं १८६४ मध्ये. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. त्या मार्चच्या सुरुवातीला उत्तरेच्या फौजेचा कर्नल डाल्ग्रेन या काउंटीत मारला गेला. त्याचा सूड म्हणून आठवड्याभरात युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्याच, सैन्यानं कोर्ट पेटवलं.

आता मॅडिसनांची साखळी लावून पाहू. १६५३ चं पेटंट ग्लॉस्टर काउंटीतलं. ग्लॉस्टरचं दप्तर १८२० च्या आगीत गेलं आणि पुढचं सुरक्षित राहावं म्हणून रिचमंडला हलवलं, तर एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या फौजेनं ही राजधानी सोडताना लागलेल्या आगीत तेही गेलं. न्यू केंट १६५४ मध्ये झाली, तिचीही तीच गत. १६९१ मध्ये न्यू केंटमधून किंग अँड क्वीन निघाली, तिची कथा वर आलीच. म्हणजे पहिल्या दोन-तीन पिढ्यांची मृत्युपत्रं आणि खरेदीखतं गेली. उरलं काय, तर पेटंटं, १७०४ ची यादी, आणि पॅरिशच्या वह्या.

व्हेस्ट्री म्हणजे पॅरिशची पंच समिती. दर चार वर्षांनी तिनं माणसं नेमून प्रत्येकाच्या हद्दी चालून खुणा ताज्या करायच्या असा कायदा होता. याला प्रोसेशनिंग म्हणत. शेजाऱ्यांचे गट पाडून दोन-तीन जबाबदार माणसं नेमत आणि ती परत येऊन कोणाच्या हद्दी चाललो, कोण हजर होतं, कुणी अडवलं, हे सांगत. याच काउंटीतल्या स्ट्रॅटन मेजर पॅरिशची १७२९ ते १७८३ ची वही टिकली आहे. जळलेल्या काउंटीत शेजारपाजार पुन्हा मांडायला याहून चांगलं साधन नाही. मॅडिसनांसाठी ती नसली तरी खालच्या भागातल्या कुणासाठीही सगळ्यात आधी तीच उघडावी. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाचा एक वेगळा संग्रहही आहे, जळलेल्या काउंट्यांची जी कागदपत्रं दुसऱ्याच काउंटीच्या दाव्यांत, पुरावा म्हणून जोडलेली सापडली, त्यांचा. मृत्युपत्राची नक्कल तिसऱ्याच ठिकाणी मिळते ती अशी: जमीन दोन काउंट्यांत असली की वारस दोन्हीकडे नक्कल नोंदवत.

शुक्रवार, स्पॉटसिल्व्हेनिया

इथून दप्तर शाबूत. स्पॉटसिल्व्हेनिया १७२१ मध्ये एसेक्स, किंग विल्यम आणि किंग अँड क्वीन यांच्या पश्चिम टोकांतून काढली. पहिलं कोर्ट रॅपिडॅन नदीकाठच्या जर्मानाला भरे, १७३२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गला गेलं आणि नंतर आजच्या भागात. ठाणं हललं तरी वह्या बरोबर आल्या.

जाण्याआधी कोर्टाच्या क्लार्कच्या कचेरीत फोन करावा, दप्तर तिथेच असतं. व्हर्जिनियातल्या बऱ्याच कोर्टांत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, मग फोटो काढायचा बेत दारातच संपतो. प्रत पानाला साधारण अर्ध्या डॉलरला मिळते, सुटे पैसे ठेवावेत. कोर्टाचे दिवस गर्दीचे, ते टाळावेत.

१७२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा आजोबा अँब्रोज मॅडिसन आणि त्याचा साडू थॉमस च्यू यांनी इथे मिळून ४,६७५ एकरांचं पेटंट घेतलं. दोघांचा सासरा जेम्स टेलर हा मोजणीदार. वसाहतीत सुपीक जमीन आधी कोणाला दिसे, याचं उत्तर या एका नात्यात आहे. नेहमीच्या दरानं एवढ्या जमिनीचा खंड वर्षाला ४ पौंड १३ शिलिंग ६ पेन्स होतो, पण या नव्या सीमेवरच्या काउंटीला सुरुवातीची वर्षं माफी होती. त्यामुळे खंडाच्या यादीत नाव नाही म्हणून माणूस नव्हता, असं म्हणता येत नाही. पेटंट टिकवायचं तर तीन वर्षांत जमीन वसवून दाखवायची, लागवडयोग्य ५० एकरांमागे निदान ३ एकर साफ करायचे. ते साफ केले गुलाम केलेल्या माणसांनी, मालक येण्याच्या कितीतरी आधी.

मालक आला १७३२ मध्ये. त्याच उन्हाळ्यात आजारी पडला, मृत्युपत्र केलं आणि २७ ऑगस्टला वारला. विषप्रयोगाचा संशय घेतला गेला. पॉम्पी, टर्क आणि डायडो या गुलाम केलेल्या तिघांवर खटला चालला. पॉम्पी शेजारच्या मालकाचा होता, त्याला ७ सप्टेंबरला फाशी दिली. टर्क आणि डायडोला फटके मारून मॅडिसनच्या विधवेकडे परत पाठवलं. आरोप ते फाशी, सगळं दोन आठवड्यांच्या आत. हे कोर्टाच्या हुकूमवहीत आहे, मृत्युपत्रांच्या वहीत नाही. म्हणून हुकूमवह्या पानन् पान चाळाव्यात. त्यांच्या अनुक्रमणिका बहुधा पक्षकारांच्या नावांच्या असतात आणि गुलाम केलेल्यांची नावं त्यांत आलीच तर ‘निग्रो’ या शब्दाखाली. फाशी दिलेल्या गुलामाची किंमत वसाहत त्याच्या मालकाला भरून देई, त्यामुळे तो आकडाही नोंदीत सापडतो.

मेलेल्याच्या मालमत्तेचे कागद एकाच जागी नसतात. मृत्युपत्र, ते सिद्ध झाल्याचा हुकूम, निष्पादकाचं (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याचं) जामीनखत, मालाची यादी, हिशेब, वाटणी आणि मुलं लहान असतील तर पालकाचे कागद. मृत्युपत्र मिळालं की लोक वही मिटतात. खरी माहिती पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या हिशेबात असते. कोणत्या जावयाला बायकोचा हिस्सा दिला, हे तिथे लिहिलेलं असतं. जामिनावर सह्या करणारे बहुधा विधवेकडचे भाऊ किंवा मेहुणे. माल मोजायला नेमलेले तीन-चार पंच शेजारी. अँब्रोजच्या मालाच्या यादीत २९ गुलाम केलेली माणसं आहेत. त्यांच्या वंशजांना आपल्या माणसाचं नाव कागदावर पहिल्यांदा दिसतं ते बहुतेक वेळा अशाच यादीत, गुरंढोरं आणि भांड्यांच्या ओळीत. १७०५ च्या कायद्यानं वारसासाठी गुलामांना स्थावर धरलं होतं, म्हणून त्यांच्यासाठी खरेदीखतांच्या वह्याही तितक्याच बारकाईनं पाहाव्यात.

मृत्युपत्रात थोरल्या मुलाचं नाव नसेल तर तो मेला किंवा बापानं टाकला, असं धरू नये. १७८७ पर्यंत व्हर्जिनियात मृत्युपत्राशिवाय गेलेल्याची सगळी जमीन, किंवा मृत्युपत्रात कुणालाच न दिलेली जमीन, थोरल्या मुलाकडे आपोआप जाई. त्याला वेगळं काही लिहून देण्याची गरज नसे. म्हणून त्याच्या नावानं खरेदीखतही नाही. जमीन विकताना मात्र पकडता येतो: विकलेली जमीन त्याला कोणाकडून आली, हे शोधत मागे जायचं. विकत घेतल्याची नोंद नाही, देणगी नाही, पेटंट नाही, तर ती वारशानं आली. आणि जुन्या मृत्युपत्रातला ‘सन-इन-लॉ’ अनेकदा सावत्र मुलगा असतो, जावई नव्हे.

शनिवार, माँटपेलियर

आठवड्याअखेर क्लार्कच्या कचेऱ्या बंद, म्हणून हा दिवस जमिनीवर. स्पॉटसिल्व्हेनियाहून वाइल्डरनेसमार्गे रस्ता क्रमांक २० नं ऑरेंजकडे. अँब्रोजचं घर माउंट प्लेझंट हे माँटपेलियरच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पुढच्या वाड्याच्याच, आवारात होतं, मॅडिसनांच्या दफनभूमीजवळ. इथे यायच्या आधी चतुःसीमेचा नकाशा कागदावर उतरवलेला असावा.

मोजणीचं एकक पोल, १६.५ फूट. चार पोलांची एक साखळी, ६६ फूट. १६० चौरस पोल म्हणजे एकर. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे बरोबर दोन पोल, तेव्हा गुंठ्याला चार चौरस पोल. हे डोक्यात बसलं की आकडेमोड सोपी. दस्तात लिहिलेलं असतं: पांढऱ्या ओकपासून उत्तरेच्या ४० अंश पूर्वेला १२० पोल, मग अमुकच्या कोपऱ्यापर्यंत, मग ओढ्याच्या वळणांनी खाली. प्रत्येक टप्पा कोन आणि लांबीनं मांडत जायचा. १:२४,००० च्या सरकारी नकाशावर एक इंच म्हणजे २,००० फूट, साधारण १२१ पोल. त्याच मापानं पारदर्शक कागदावर आकृती काढून नकाशावर सरकवत राहायची, ओढा जुळेपर्यंत.

आकृती बंद झाली नाही तर आधी नक्कल तपासावी. कारकुनानं एक टप्पा गाळलेला असतो, ३ चा ८ झालेला असतो किंवा पूर्वेचं पश्चिम. एका वेळी एकच टप्पा उलटा करून पाहावा. आकृती बंद होते पण नकाशावर तिरकी बसते, तेव्हा दोष होकायंत्राचा: चुंबकीय उत्तर तीनशे वर्षांत सरकली आहे, सबंध आकृती काही अंश फिरवावी. ओढ्याच्या वळणांचा टप्पा शेवटी ठेवावा, त्याला कोन नसतातच.

एकट्या जमिनीचा नकाशा काढून थांबू नये. लगतच्या सात-आठ जमिनी मांडल्या की जोडचित्र बसतं आणि शेजारी कोण ते कळतं. लग्नं त्यांच्यातच झाली, साक्षीदारही तेच. मोजणीत साखळी धरणारे बहुधा घरचेच पोरगे.

सोमवार, ऑरेंज

ऑरेंज १७३४ मध्ये स्पॉटसिल्व्हेनियातून निघाली. मॅडिसन हलले नाहीत, काउंटी बदलली. अँब्रोजचं मृत्युपत्र स्पॉटसिल्व्हेनियात आणि त्याच जमिनीची १७३७ ची वाटणी, २,८५० एकर मॅडिसनांकडे आणि १,८२५ च्यूकडे, ही ऑरेंजच्या काळातली. बेरीज ४,६७५ च. म्हणून शोधायला निघण्याआधी काउंट्यांच्या स्थापनेचा तक्ता जवळ हवा आणि दोन्हींकडे पाहायला हवं. पुढे १७४९ मध्ये ऑरेंजमधून कल्पेपर निघाली, तिथेही तोच नियम.

खरेदीखतं वाचताना जोडदस्त ओळखावा. पहिल्या दिवशी एका वर्षाचा भाडेपट्टा, ५ शिलिंगांचा, आणि दुसऱ्या दिवशी हक्कसोड, खऱ्या किमतीची. फक्त पहिलं पान पाहिलं तर मालक कूळ वाटतो आणि जमीन फुकट गेल्यासारखी. नक्कल दोन्हींची घ्यावी. मागच्या पानावर बायकोची स्वतंत्र चौकशी असेल, नवऱ्याच्या गैरहजेरीत तिनं आपला तिसऱ्या हिश्श्याचा हयातीतला हक्क स्वखुशीनं सोडला की नाही, याची. बायकोचं नाव लिहिलेला हा अनेकदा एकमेव कागद. तो वेगळ्या तारखेला, कधी वर्षभरानं, दुसऱ्याच पानावर नोंदलेला असतो. दस्त लिहिल्याची आणि नोंदवल्याची तारीखही वेगळी. दोन्ही उतराव्यात.

अँब्रोजचा मुलगा जेम्स, राष्ट्राध्यक्षांचा बाप, जन्मला १७२३ मध्ये. म्हणजे बाप गेला तेव्हा नऊ वर्षांचा. जमीन विकण्याचं वय एकवीस, तेव्हा १७४४ च्या आधी विक्रीत त्याचं नाव शोधण्यात अर्थ नाही. त्या बारा वर्षांत आई फ्रान्सिस कारभार पाहत होती, ती १७६१ पर्यंत जगली. या काळासाठी विधवेच्या नावाची अनुक्रमणिका पाहावी. फक्त ‘मॅडिसन, जेम्स’ पाहिलं तर मध्ये पोकळी दिसते.

निघण्यापूर्वी प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीनं काउंटी, वहीचा प्रकार, क्रमांक आणि पान लिहावं, मागच्या बाजूला नव्हे, समोर. मागे लिहिलेलं पुढच्या झेरॉक्समध्ये येत नाही. अनुक्रमणिकेच्या पानाचीही प्रत घ्यावी, कारण आडनावं तिथे कधी एका ‘डी’नं, कधी दोन ‘डीं’नी पडलेली असतात आणि आज न दिसलेलं नाव उद्या त्याच पानावर सापडतं.